जुन्या लेन्स आणि नव्या कॅमेऱ्यांचे माउंट : काय बसते, काय चालते, काय अडते?

काचेपलीकडे (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे फिल्मच्या काळातील काही लेन्स आहेत : निकॉनची ५० मिमी एफ/१.८ (निकॉनच्या जुन्या ‘एआय’ पद्धतीची, पूर्णपणे मॅन्युअल), निकॉनचीच ८०-२०० मिमी एफ/२.८ (एएफ-डी प्रकारची, ऑटोफोकसची), आट्यांच्या एम४२ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा सांधा) सुपर-ताकुमार ५५ मिमी एफ/१.८ आणि कॅननची एफडी माउंटची २८ मिमी एफ/२.८. सध्याचा कॅमेरा निकॉन डी५३०० हा डीएसएलआर (आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) आहे. त्यावर पहिली लेन्स बसते, पण प्रकाशमापन बंद पडते. दुसरी बसते, पण आपोआप फोकस करत नाही. उरलेल्या दोन बसतच नाहीत. आता फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा घेण्याचा विचार आहे आणि या चारही लेन्स त्यावर वापरता याव्यात अशी इच्छा आहे. ॲडॅप्टरच्या (दोन वेगळे माउंट जोडणाऱ्या कड्याच्या) जाहिराती वाचल्या, तर सगळे काही सगळ्यांवर चालते असे वाटते. प्रत्यक्षात कोणत्या माउंटवर कोणती लेन्स कितपत चालेल, हे कसे ठरवावे? जाणकारांनी कारणांसह सांगितले तर पुढच्या वेळी माझे मला ठरवता येईल.

सूक्ष्ममापी

सुरुवात फ्लँज अंतरापासून करावी लागेल. माउंटच्या धातूच्या कड्यापासून सेन्सरच्या (पूर्वी फिल्मच्या) पातळीपर्यंतचे अंतर प्रत्येक माउंटसाठी ठरलेले असते आणि लेन्स घडवणारा ते गृहीत धरूनच लेन्स घडवतो. निकॉन एफ माउंटचे हे अंतर १९५९ पासून ४६.५ मिमी आहे. ऑलिंपस ओएमचे ४६, एम४२ आणि पेंटॅक्स के या दोन्हींचे ४५.४६, मिनोल्टाच्या ऑटोफोकस माउंटचे (तोच पुढे सोनी ए झाला) ४४.५, कॅनन ईएफचे ४४, मिनोल्टाच्या जुन्या मॅन्युअल माउंटचे ४३.५ आणि कॅनन एफडीचे ४२ मिमी. हे सगळे आकडे चाळीस मिलिमीटरच्या पुढचे आहेत, कारण या सर्व कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये वर-खाली होणाऱ्या आरशाला जागा द्यावी लागत होती.

मिररलेसमध्ये आरसा गेला आणि ती जागा मोकळी झाली. निकॉन झेडचे अंतर १६ मिमी, फुजीफिल्म एक्सचे १७.७, सोनी ईचे १८, मायक्रो फोर थर्ड्सचे १९.२५ आणि कॅनन आरएफ व एल-माउंट या दोघांचे २० मिमी आहे.

यातून निघणारा नियम सोपा आहे. लेन्सचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर फरकाएवढ्या जाडीचे पोकळ कडे मध्ये घातले की काम होते. निकॉन एफ लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवायची तर ३०.५ मिमी, सोनी ई वर २८.५ मिमी, एफडी लेन्स आरएफ वर २२ मिमी, एम४२ लेन्स झेड वर २९.४६ मिमी. या कड्यात काच नसते, त्यामुळे लेन्सच्या प्रतिमेत काही मिसळले जात नाही.

लेन्सचे अंतर कॅमेऱ्यापेक्षा कमी असेल, तर मात्र लेन्स हवी तेवढी आत नेताच येत नाही. तुमची ताकुमार डी५३०० वर का बसत नाही, याचे उत्तर इथे आहे. एम४२ चे अंतर निकॉन एफपेक्षा १.०४ मिमी कमी आहे. समजा, शून्य जाडीचे कडे कोणी बनवले, तरीही लेन्स एक मिलिमीटरहून थोडी अधिक पुढेच राहील. ५० मिमीच्या लेन्ससाठी याचा अर्थ असा, की साधारण अडीच मीटरच्या पलीकडचे काहीही फोकसमध्ये येणार नाही. तुमच्या एफडी लेन्सचा फरक ४.५ मिमी आहे आणि २८ मिमीच्या लेन्सला तो इतका मोठा पडतो, की समोरच्या काही सेंटिमीटरांपलीकडे सगळे धूसर होईल. यावर उपाय म्हणून काच बसवलेले ॲडॅप्टर मिळतात. ते टेलिकन्व्हर्टरसारखे (केंद्रांतर वाढवणाऱ्या जोडभिंगासारखे) काम करून इन्फिनिटी, म्हणजे अतिदूरच्या वस्तूंवरचा फोकस, परत मिळवून देतात, पण त्यातील स्वस्त काच लेन्सची धार बोथट करते. ते घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

याच कारणाने निकॉन एफ लेन्स कॅनन ईएफ कॅमेऱ्यावर अवघ्या २.५ मिमीच्या कड्याने बसते, पण कॅनन ईएफ लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर बसत नाही. एम४२ आणि पेंटॅक्स के यांचे अंतर समान असल्यामुळे त्यांच्यामधले कडे माउंटच्या आतच सामावणारे असते, बाहेर त्याची जाडी दिसतही नाही.

तेव्हा माउंटच्या अंतरापुरते बोलायचे, तर तुमच्या चारही लेन्स बाजारातील कोणत्याही फुल फ्रेम मिररलेसवर इन्फिनिटीसह बसतील.

अर्धउघडझाप

सूक्ष्ममापी यांनी बसण्याचा प्रश्न निकाली काढला आहे. मी चालण्याविषयी लिहितो, कारण बहुतेकांचा हिरमोड तिथे होतो. लेन्स बसल्यावर तिचे ॲपर्चर (पात्यांनी लहान-मोठे होणारे, उजेड आत सोडणारे छिद्र) कोण बंद करणार, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारायला हवा.

पूर्णपणे मॅन्युअल लेन्सवर ॲपर्चरचे कडे असते. ते एफ/८ वर नेले, की पाती एफ/८ वर यावीत अशी आपली अपेक्षा असते. फिल्मच्या एसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यात) मात्र व्ह्यूफाइंडर उजळ राहावा म्हणून फोटो काढण्याच्या क्षणापर्यंत पाती पूर्ण उघडी ठेवली जात आणि शटर दाबल्यावरच कॅमेऱ्यातील तरफ ती बंद करत असे. ही तरफ किंवा खिट्टी प्रत्येक माउंटमध्ये निराळी आहे आणि ॲडॅप्टरला तिची नक्कल करावी लागते.

एम४२ मध्ये लेन्सच्या मागच्या बाजूला एक बारीक खिट्टी असते. ती आत दाबली गेली, की पाती बंद होतात. तुमच्या सुपर-ताकुमारवर ऑटो-मॅन्युअल असा खटका आहे. तो मॅन्युअलवर ठेवा, म्हणजे खिट्टीचा संबंधच उरत नाही. ज्या एम४२ लेन्सवर असा खटका नसतो, त्यांच्यासाठी आतून गोल ओठ असलेला ॲडॅप्टर घ्यावा लागतो. तो ओठ खिट्टी कायम दाबून धरतो. ओठ नसलेला ॲडॅप्टर लावला, तर कडे कितीही फिरवले तरी लेन्स पूर्ण उघडीच राहते. उलट काही लेन्समध्ये हाच ओठ खिट्टी गरजेपेक्षा खोल दाबतो आणि फोकसचे कडे जड होते किंवा मध्येच अडकते. असे झाल्यास जोर लावू नये.

निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सवर ॲपर्चरचे कडेच नसते. साध्या ॲडॅप्टरवर त्या सर्वांत लहान ॲपर्चरला बंद होऊन बसतात, म्हणून ज्या ॲडॅप्टरवर तरफ हलवणारे स्वतंत्र कडे असते तोच घ्यावा लागतो. त्या कड्यावर एफ-आकडे नसतात, म्हणून अंदाज उजेड पाहूनच बांधावा लागतो. कॅनन ईएफ हा १९८७ चा माउंट तर आरंभापासून पूर्णपणे विजेवर चालणारा आहे. त्यात तरफ नाही, खिट्टी नाही. विद्युत संपर्क नसलेल्या कड्यावर ईएफ लेन्सचे ॲपर्चर बदलता येत नाही. कॅनन कॅमेऱ्यावर ॲपर्चर निवडून, डेप्थ ऑफ फील्ड तपासण्याचे बटण दाबून धरून लेन्स काढली, तर पाती त्याच जागी थांबतात ही जुनी युक्ती आहे खरी, पण प्रत्येक बदलासाठी लेन्स उतरवण्याइतका संयम माझ्याकडे नाही.

एक बाब जुन्या लेन्सच्या बाजूने सांगण्यासारखी आहे. पात्यांवर तेल आल्यामुळे ती आळसावलेली असतील, तर डीएसएलआरवर शटर उघडेपर्यंत ती पूर्ण बंद होत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतो. मिररलेसवर आपण पाती आधीच बंद करून ठेवलेली असल्याने अशी लेन्सही अचूक प्रकाशमापन देते. त्यामुळे तेलकट पात्यांसाठी लगेच दुरुस्तीच्या मागे लागण्याचे कारण नाही. तेल काचेपर्यंत पोहोचले असेल, तर गोष्ट वेगळी.

काचेपलीकडे (धागाकर्ता)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका आहे. डी५३०० आणि ५० मिमी एआय लेन्स दोन्ही निकॉनच्या, माउंटही तोच. तरीही प्रकाशमापन का बंद पडते? आणि ८०-२०० चे काय? निकॉन झेड आणि कंपनीचाच एफटीझेड ॲडॅप्टर घेतला तर ती आपोआप फोकस करेल का?

अर्धउघडझाप

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, पण पहिल्यापासून सुरू करतो.

निकॉनने एफ माउंटचा आकार बदलला नाही हे खरे असले, तरी त्या आकाराच्या आत बरेच काही बदलले. १९७७ मध्ये आलेल्या एआय पद्धतीत लेन्सच्या ॲपर्चर कड्याचा मागचा काठ कॅमेऱ्यावरील एका छोट्या खुंटीला ढकलतो आणि निवडलेले ॲपर्चर कॅमेऱ्याला कळते. डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांवर ही खुंटी नाही. लेन्समध्ये चिप नाही आणि कॅमेऱ्याला खुंटी नाही, तेव्हा मापनासाठी माहिती येणार कुठून? गमतीचा भाग असा, की त्याच अभावामुळे १९७७ पूर्वीच्या, म्हणजे एआय नसलेल्या लेन्स या साध्या कॅमेऱ्यांवर निर्धोकपणे बसतात. खुंटी असलेल्या वरच्या श्रेणीतील डीएसएलआरवर मात्र अशा लेन्सचा काठ त्या खुंटीवर आदळून ती मोडू शकते. २०१३ च्या निकॉन डीएफवर खुंटी दुमडण्याची सोय मुद्दाम ठेवली होती. ज्यांच्याकडे वडीलधाऱ्यांकडून आलेल्या निकॉन लेन्स आहेत, त्यांनी डीएसएलआरवर चढवण्याआधी लेन्स एआय आहे की नाही, हे पाहूनच घ्यावे.

मिररलेसवर हा गुंता नाही. सेन्सरवर जेवढा उजेड पडतो तेवढा कॅमेरा मोजतो आणि त्याप्रमाणे शटरचा वेग ठरवतो. म्हणून तुमची ५० मिमी लेन्स निकॉनच्या डीएसएलआरपेक्षा झेड कॅमेऱ्यावर अधिक सुखाने चालेल, अगदी सोनीवरसुद्धा.

आता ८०-२०० मिमी. एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. कॅमेऱ्याच्या माउंटमधून बाहेर येणारे पेचकसासारखे टोक लेन्समधील खाचेत बसते आणि कॅमेऱ्यातील मोटर ते फिरवते. डी५३०० मध्ये ती मोटर नाही, एफटीझेडमध्येही नाही. त्यामुळे स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेडवर आपोआप फोकस करतात, एएफ-डी करत नाहीत. मात्र एफटीझेडमध्ये ॲपर्चरची तरफ हलवण्याची यंत्रणा आहे. ८०-२०० चे कडे सर्वांत लहान ॲपर्चरवर अडकवून ठेवले, की ॲपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येते आणि फोटोसोबतच्या माहितीत ते नोंदवलेही जाते. ५० मिमी एआय लेन्सबाबत तसे होणार नाही. तिचे ॲपर्चर हातानेच बदलायचे आणि निवडलेला आकडा कुठेही नोंदवला जाणार नाही.

तुलनेसाठी सांगतो : मिनोल्टाच्या जुन्या ऑटोफोकस लेन्सनाही अशीच कॅमेऱ्यातील मोटर लागते, पण सोनीने २०२० मध्ये आणलेल्या एलए-ईए५ या ॲडॅप्टरमध्ये मोटर बसवलेली आहे. ती सोनीच्या ठरावीक कॅमेऱ्यांवरच चालते, त्यामुळे कॅमेऱ्याचे नाव यादीत पाहूनच निर्णय घ्यावा. सर्वांत सोपे स्थलांतर कॅननचे. ईएफ आणि आरएफ यांच्यातील २४ मिमीच्या कड्यात फक्त तारा आहेत आणि १९८७ च्या ईएफ लेन्सदेखील त्यावर ऑटोफोकससह चालतात. ईएफ आणताना कॅननने एफडी माउंट मागे टाकला आणि एफडी वापरणाऱ्यांना त्या वर्षी जे सोसावे लागले, त्याची ही भरपाई म्हणायची, इतकेच!

रात्रपाळी

चर्चा उत्तम चालली आहे, पण ॲडॅप्टर निवडण्यावर एवढा विचार करण्याची गरज मला वाटत नाही. काच नसलेला ॲडॅप्टर म्हणजे शेवटी एक नळी. तिची जाडी थोडी इकडेतिकडे झाली, तर फोकसचे कडे थोडे जास्त फिरवायचे. मी मिळेल तो ॲडॅप्टर वापरतो आणि फोटो चांगले येतात.

सूक्ष्ममापी

रात्रपाळी, तुमचा अनुभव खरा असणार आणि तुम्ही बहुधा ५० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स वापरत असाल. हिशेब मांडून दाखवतो.

ॲडॅप्टर हवा त्यापेक्षा ०.१ मिमीने जाड निघाला असे समजू. लेन्स इन्फिनिटीच्या खुणेवर टेकली असताना ती प्रत्यक्षात किती दूरवर फोकस करेल, हे काढण्यासाठी केंद्रांतराच्या वर्गाला त्या चुकीच्या जाडीने भागायचे. १३५ मिमी लेन्ससाठी उत्तर सुमारे १८० मीटर येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ५० मिमीसाठी ते २५ मीटर. २४ मिमीसाठी मात्र अवघे पावणेसहा मीटर. म्हणजे कागदाच्या एका पानाएवढ्या जाडीच्या चुकीमुळे वाइड लेन्सला दूरचा डोंगर कधीच नीट दिसणार नाही आणि कडे जास्त फिरवण्याचा उपायही नाही, कारण ते आधीच टोकाला टेकलेले असते.

या तक्रारी टाळण्यासाठी बहुतेक उत्पादक ॲडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. मग लेन्स इन्फिनिटीच्या पुढे जाते. इन्फिनिटी मिळते, पण ती खुणेच्या अलीकडे कुठेतरी असते आणि लेन्सवरील अंतराचे आकडे निरुपयोगी होतात. चांदण्यांचे फोटो काढताना कडे टोकापर्यंत नेऊन निश्चिंत राहणाऱ्याला सगळ्या चांदण्या फुगलेल्या मिळतात. बऱ्याच लोकांना एवढे चालते. ज्या वाइड लेन्समध्ये जवळच्या फोकससाठी आतील भिंगांचा एक गट स्वतंत्रपणे सरकतो, त्यांचे मात्र नुकसान होते. दूरचे दृश्य फोकसमध्ये आणताना तो गट जवळच्या अंतराच्या स्थितीत गेलेला असतो, त्यामुळे मध्य खणखणीत आणि कोपरे सैल अशी प्रतिमा येते. दोष लेन्सच्या माथी मारला जातो.

जाडीपेक्षाही त्रासदायक म्हणजे दोन बाजू समांतर नसणे. व्हर्नियर कॅलिपर असेल, तर ॲडॅप्टरची जाडी घड्याळातील बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी मोजा. एफ ते झेडसाठी चारही ठिकाणी ३०.५ च्या आसपास एकच आकडा यायला हवा. माझ्याकडील एका ॲडॅप्टरच्या एका बाजूला ३०.४८ आणि समोरच्या बाजूला ३०.४० असे आकडे आले होते. त्यावर २८ मिमी लेन्स लावली, की फ्रेमची उजवी कड एफ/८ पर्यंत धूसर राहत असे. ८५ मिमीवर हाच ॲडॅप्टर निर्दोष भासत असे.

कॅलिपर नसेल तरी तपासता येते. दूरवरचा मनोरा किंवा दिवा आधी फ्रेमच्या मध्यभागी ठेवून पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोकस करा आणि नंतर कड्याला हात न लावता तोच दिवा चारही कोपऱ्यांत आणून फोटो घ्या. एक कोपरा बिघडलेला दिसला, तर त्याच ॲडॅप्टरवर दुसरी लेन्स लावून पुन्हा पाहा. दोन्ही लेन्सना तोच कोपरा बिघडत असेल तर दोष ॲडॅप्टरचा आहे, लेन्सबरोबर कोपरा बदलत असेल तर लेन्सचा.

रात्रपाळी

हिशेब पटला. माझ्या लेन्स ५०, १०५ आणि १३५ मिमीच्या आहेत, त्यामुळे असे काही जाणवले नसावे. एक भर घालतो. काही ॲडॅप्टर आतून चकचकीत असतात आणि सूर्य समोरच्या बाजूला असला, की सगळ्या चित्रावर पांढुरकी झाक येते. आतल्या भिंतीला काळा मखमली चिकटकागद लावल्यावर माझा त्रास जवळपास संपला. कागदाचा धागा सुटून सेन्सरवर जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

धूसर कडा

इथे आतापर्यंत एसएलआर लेन्सचीच चर्चा झाली आहे. रेंजफाइंडर (आरशाऐवजी वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करण्याच्या) कॅमेऱ्यांच्या लेन्स वापरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून थोडे लिहितो. लायका एम माउंटचे (१९५४) फ्लँज अंतर २७.८ मिमी आणि त्याआधीच्या आट्यांच्या लायका माउंटचे २८.८ मिमी आहे. नव्या माउंटचे अंतर मुद्दाम १ मिमी कमी ठेवल्यामुळे जुन्या लेन्स १ मिमीच्या कड्याने त्यावर बसू लागल्या. आधीच्या लेन्सचा असा विचार दर वेळी झाला असता, तर या धाग्याची गरज कमी भासली असती. डीएसएलआरवर या लेन्स बसणे अशक्य होते, मिररलेसने त्यांना पुन्हा काम दिले.

तरीही, बसतात म्हणून सगळ्या सारख्या चालतात असे नाही. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळे वाइड लेन्सचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेता येत असे आणि कोपऱ्यांकडे जाणारे किरण खूप तिरके पडत. फिल्मला त्याने फारसे बिघडत नव्हते. डिजिटल सेन्सरवर मात्र गाळण्यांच्या काचेचा थर असतो आणि तिरके किरण त्यातून जाताना आपली वाट बदलतात. हा थर लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत १ मिमीहून कमी, सोनीच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांत सुमारे २ मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये सुमारे ४ मिमी असतो. निकॉन झेडमधील थर सोनीपेक्षा पातळ आहे. परिणामी २१ किंवा २८ मिमीची जुनी सममित रचनेची लेन्स लायकावर कोपऱ्यांपर्यंत धारदार दिसते, तर सोनीवर तिचे कोपरे फरफटल्यासारखे दिसतात. जुन्या सेन्सरवर कडांना जांभळट छटाही येते. मागून प्रकाश घेणाऱ्या नव्या प्रकारच्या सेन्सरमुळे ती छटा बरीच कमी झाली आहे, कोपऱ्यांची फरफट मात्र काचेच्या थराची असल्यामुळे राहते.

धागाकर्त्यांनी याची काळजी करू नये. एसएलआरच्या वाइड लेन्सना आरशासाठी मागे जागा सोडावी लागत असल्याने त्यांचे किरण तितके तिरके नसतात. तुमची २८ मिमी एफडी त्यात मोडते. ज्यांना ३५ मिमीहून वाइड रेंजफाइंडर लेन्स वापरायच्या आहेत, त्यांनी आधी कॅमेरा निवडावा आणि मग लेन्स घ्यावी.

काचेपलीकडे (धागाकर्ता)

चित्र आता बरेच स्पष्ट झाले. निकॉन झेड, एफटीझेड आणि एम४२ व एफडीसाठी दोन साधे ॲडॅप्टर असा विचार पक्का होत आहे. कॅमेऱ्यात कोणत्या सेटिंग्ज बदलाव्या लागतील?

सूक्ष्ममापी

निवड योग्य वाटते. झेडचे अंतर सर्वांत कमी असल्याचा आणखी एक फायदा असा, की सोनी ई लेन्ससाठीही अवघ्या २ मिमी जाडीचे विद्युत संपर्क असलेले ॲडॅप्टर मिळतात. त्रयस्थ उत्पादकांचे असे ॲडॅप्टर घेताना एक ध्यानात असू द्या. कॅमेऱ्याचे फर्मवेअर बदलले, की ते कधी कधी गोंधळतात आणि त्यांचे स्वतःचे नवे फर्मवेअर येईपर्यंत वाट पाहावी लागते. ॲडॅप्टरवर यूएसबीची सोय नसेल, तर तेही करता येत नाही.

सेटिंग्जविषयी : काही कॅमेरे लेन्स ओळखू आली नाही, तर शटरच दाबू देत नाहीत. तसे झाले तर मेनूत लेन्सविना शटर चालू ठेवण्याचा पर्याय शोधावा. कॅमेऱ्यातील कंपनविरोधी यंत्रणेला लेन्सचे केंद्रांतर हाताने सांगावे लागते आणि तिथे लेन्सवर छापलेला आकडाच भरायचा असतो. कमी आकाराच्या सेन्सरवर ५० मिमी लेन्स ७५ मिमीसारखी दिसते म्हणून ७५ भरणारे बरेच जण आहेत, आणि मग यंत्रणा गरजेपेक्षा जास्त भरपाई करून फोटो हलवते. लेन्स बदलल्यावर हा आकडा बदलायला विसरलात, तरी तसेच होते. झेडमध्ये चिप नसलेल्या लेन्सची माहिती साठवून ठेवता येते, तिथे चारपैकी तीन लेन्स एकदाच भरून ठेवा.

फोकससाठी कडांवर रंगीत रेघा दाखवणारे पीकिंग झटपट कामाला बरे, पण एफ/१.८ वर त्याचा भरवसा धरू नये. प्रतिमा मोठी करून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. उघड्या ॲपर्चरवर फोकस करून मग कडे एफ/४ वर नेले, तर काही जुन्या वेगवान लेन्समध्ये फोकसची जागा किंचित सरकते. म्हणून एफ/४ पर्यंत वापरायच्या ॲपर्चरवरच फोकस करावे आणि त्यापुढे मात्र उघडून फोकस करणे सोयीचे, कारण पाती फार बंद असताना कुठे खणखणीत आहे ते डोळ्याला ठरवता येत नाही.

८०-२०० जड आहे. तिला तिपाईचे कडे असेल तर तिपाई तिथेच लावा आणि हातात धरताना वजन लेन्सवर घ्या. कॅमेऱ्याला धरून लेन्स लोंबकळत ठेवली, तर दोन माउंटचे सांधे तो भार झेलत राहतात.

रात्रपाळी

ज्यांच्याकडे कमी आकाराच्या सेन्सरचा मिररलेस आहे, त्यांच्यासाठी एक पर्याय उल्लेखायचा राहिला. फोकल रिड्यूसर प्रकारचे ॲडॅप्टर लेन्सची प्रतिमा आक्रसून लहान सेन्सरवर आणतात. ०.७१ पट असलेल्यावर ५० मिमी एफ/१.८ लेन्स साधारण ३५ मिमी एफ/१.३ सारखी होते, म्हणजे एक स्टॉप (सुमारे दुप्पट) उजेड वाढतो. यात काच असते, पण सूक्ष्ममापी यांनी नाकारलेल्या काचेपेक्षा तिचे काम उलट आहे आणि चांगल्या प्रतीचा रिड्यूसर निराश करत नाही.

सूक्ष्ममापी

मान्य. स्वस्त रिड्यूसरचे कोपरे मात्र पूर्ण उघड्या ॲपर्चरवर वापरण्यासारखे नसतात.

काचेपलीकडे (धागाकर्ता)

कॅमेरा आणि ॲडॅप्टर आले. ५० मिमी, ८०-२०० आणि ताकुमार या तिन्ही लेन्स वर सांगितल्याप्रमाणेच चालत आहेत आणि इन्फिनिटीही मिळते आहे. एफडी २८ मिमीचा मात्र एक घोळ आहे. ॲपर्चरचे कडे एफ/२.८ पासून एफ/२२ पर्यंत फिरवले, तरी व्ह्यूफाइंडरमधील उजेड आणि शटरचा वेग तसूभरही बदलत नाही. समोरून पाहिले, तर पाती उघडीच दिसतात. लेन्स बिघडली असेल का?

अर्धउघडझाप

लेन्स बहुधा ठीक आहे. एफडी माउंटमध्ये पाती बंद करणारी तरफ कॅमेरा हलवत असे आणि तिला ढकलण्यासाठी एफडीच्या ॲडॅप्टरवर एक वेगळे पातळ कडे दिलेले असते. त्यावर बहुधा ओपन आणि लॉक अशा दोन खुणा असतील. कडे ओपनवर असेपर्यंत लेन्स पूर्ण उघडी राहते. ॲडॅप्टर कॅमेऱ्यावरून उतरवा, कडे ओपनवर ठेवून लेन्स त्यात बसवा आणि मगच ते लॉककडे फिरवा. आता लेन्स हातात धरून ॲपर्चरचे कडे फिरवून पाहा, पाती हलायला हवीत. लॉकवर असतानाच लेन्स चढवली असेल, तर ॲडॅप्टरमधील खुंटी तरफेच्या चुकीच्या बाजूला गेलेली असते आणि नेमके तुम्ही वर्णन केले आहे तसे होते. लेन्स काढतानाही आधी ओपनवर या.

काचेपलीकडे (धागाकर्ता)

खुंटी चुकीच्या बाजूलाच होती. आता पाती एफ/२२ पर्यंत व्यवस्थित बंद होतात. चारही कोपऱ्यांची दिव्याची चाचणी आज रात्री घेतो आणि फोटो इथे टाकतो.